डच बोलायला माणूस मिळत नाही?

आम्स्टलव्हेन किंवा आइंडहोव्हनमधल्या मराठी घरांत एक मत सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. नेदरलँड्समध्ये सगळ्यांना इंग्रजी येते, आपण डच सुरू केले की समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. तेव्हा सरावाला वावच नाही, वर्ग लावावा आणि परीक्षा देऊन मोकळे व्हावे. हे मत चुकीचे आहे, आणि माणसाला वर्षानुवर्षे परका ठेवणारे आहे.

पूर्वपक्षात खरे आहे ते आधी मान्य करू. इंग्रजी जाणण्यात हा देश जगात आघाडीवर आहे. अनेक तंत्रज्ञान कंपन्यांचा कारभार इंग्रजीत चालतो. उच्चकुशल कर्मचारी म्हणून आलेल्यांना, डच शिकायला लावणाऱ्या नागरी एकात्मतेच्या कायद्याची सक्ती नाही; २०२२ पासून त्या कायद्याची सूत्रे नगरपालिकांकडे आली, तरी या मंडळींना तिकडून बोलावणे येत नाही. पण यावरून सराव अशक्य ठरत नाही. तो आपणहून शोधावा लागतो, एवढेच ठरते.

आता इंग्रजीवर येण्याचा अनुभव कुठे येतो ते पाहा. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, गर्दीच्या कॅफेत, डॉक्टरांनी दिलेल्या मोजक्या मिनिटांत. मागे रांग उभी असते. समोरचा इंग्रजी धरतो ते वेळ वाचावा म्हणून. त्यात आपल्या डचची हेटाळणी नसते. जिथे कोणालाच सवड नाही तिथला अनुभव घेऊन अख्ख्या समाजाविषयी नियम बांधणे, हा सरळसरळ अतिव्याप्तीचा दोष आहे.

सवड असलेल्या जागा मात्र गावोगावी आहेत. कितीतरी सार्वजनिक ग्रंथालयांत आणि वस्तीतल्या समाजकेंद्रांत ‘टालकॅफे’ भरतो: कॉफी, एक मोठे टेबल आणि निवृत्त शिक्षक किंवा शेजारचे आजी-आजोबा, जे केवळ बोलण्यासाठी आलेले असतात. ‘सामेनस्प्राक’सारख्या उपक्रमांत एक स्थानिक स्वयंसेवक आणि एक नवागत अशी जोडी लावतात, ते नियमित भेटतात, कधी घरी, कधी फिरताना. वृद्धाश्रमात दुपारची कॉफी द्यायला मदतीचे हात हवेच असतात. मुलगा हॉकी किंवा फुटबॉल खेळत असेल, तर क्लबच्या उपाहारगृहात पालकांच्या पाळ्या लागतात. तिथे कोणी शिकवत नाही. पण शेजारी उभे राहून पेले विसळताना जे बोलणे होते, त्याला मी फार मोल देतो.

यावर प्रतिपक्ष म्हणतो, स्वयंसेवक काही व्याकरण शिकवत नाहीत. आधी वर्गात पाया पक्का करू, मग बोलू. हा युक्तिवाद वजनदार दिसतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून भाषा-अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये दाखवले की, वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही त्यांच्या बोलण्यातले व्याकरण कच्चे राहिले होते. वाक्य स्वतः रचावे लागते तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते उमगते. म्हणजे बोलणे हे पाया भरण्याचेच काम आहे. शिवाय नागरिकत्वासाठीच्या परीक्षेत बोलण्याची चाचणी संगणकासमोर होते. तेवढ्याचीच तयारी केलेला माणूस उत्तीर्ण होतो आणि शेजाऱ्याने कुंपणापलीकडून काही विचारले की गांगरतो.

आणखी एक समजूत याच मताच्या आडोशाने जगते: डच सराव म्हणजे गोऱ्या माणसाशीच. पण हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्तानींची मोठी वस्ती आहे. १८७३ मध्ये ‘लल्ला रूख’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन तेव्हा डच वसाहत असलेल्या सुरिनामला गेले. पुढे आणखी जहाजे गेली. त्या मजुरांचे वंशज १९७५ मधील सुरिनामच्या स्वातंत्र्याच्या सुमारास मोठ्या संख्येने नेदरलँड्समध्ये आले. सरनामी या त्यांच्या बोलीइतकीच डचही त्यांच्या घरातली भाषा आहे. आपली माणसे त्यांच्या दुकानात भेंडी-कारली घ्यायला जातात, चार शब्द हिंदीत बोलतात आणि डच बोलायला कोणी मिळत नाही म्हणत परततात.