दोन कुलपे आणि एक रॉकेट: यूएसएस फॉरेस्टल, २९ जुलै १९६७

१/ लढाऊ विमानांचा इतिहास आपण बहुधा वैमानिकाच्या नजरेतून वाचतो. विमानाखाली वाकून बॉम्ब लावणारे, इंधन भरणारे, चाकांचे अडसर काढणारे हात त्यात क्वचितच दिसतात. आजचा थ्रेड त्या हातांविषयी, आणि १३४ जणांचा बळी घेणाऱ्या एका दुर्घटनेविषयी.

२/ स्थळ टोंकिनचे आखात, काळ व्हिएतनाम युद्धाचा. यूएसएस फॉरेस्टल ही अमेरिकी विमानवाहू नौका युद्धक्षेत्रात दाखल होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते. २९ जुलै १९६७ च्या सकाळी दुसऱ्या हल्ल्याची तयारी चालू होती. डेकच्या मागच्या भागात विमाने दाटीवाटीने उभी होती. टाक्या भरलेल्या, पंखांखाली बॉम्ब आणि रॉकेटे, काहींची इंजिने सुरू.

३/ जमिनीवरील तळावर धोक्याच्या वस्तू एकमेकींपासून दूर ठेवता येतात. नौकेवर ती सोय नाही. इंजिनांचे तप्त झोत, इंधन, स्फोटके आणि माणसे, सारे काही थोड्या एकरांत सामावलेले असते. त्यामुळे तेथील सुरक्षितता बव्हंशी कामांच्या क्रमावर अवलंबून असते. कोणते काम कोणत्या कामाआधी करायचे नाही, हे ठरलेले असते.

४/ ‘झुनी’ हे ५ इंच व्यासाचे रॉकेट विजेच्या प्रवाहाने पेटत असे. ते अवेळी सुटू नये म्हणून दोन बंदोबस्त होते. पहिला म्हणजे रॉकेटांच्या नळकांड्यात खोचलेली सुरक्षा-पिन. दुसरा म्हणजे विमान आणि नळकांडे यांना जोडणारी विजेची तार. विमान कॅटापल्टवर, म्हणजे उड्डाणाच्या अगदी शेवटच्या जागी पोहोचल्यावरच ती जोडायची, असा नियम होता. एका दाराला दोन कुलपे!

५/ पण कॅटापल्टवर ऐन वेळी जोडणीत दोष निघाला, की साऱ्या उड्डाणांचा खोळंबा होई. म्हणून नौकेवरील शस्त्रास्त्रविषयक समितीने विमाने रांगेत उभी असतानाच तार जोडण्यास मुभा दिली. पिन तर आहेच, हा त्यामागचा भरवसा. कॅप्टन जॉन बेलिंग यांच्यापर्यंत हा बदल पोहोचलाच नव्हता.

६/ त्या सकाळी एका एफ-४ फँटम विमानावर नेमकी ती पिन जागेवर नव्हती. ती वेळेआधी काढली गेली असेल, किंवा तिला बांधलेली फीत जोराच्या वाऱ्यात फडफडून ती निसटली असेल. तार सुटी असती, तर पिन नसल्याने बिघडले नसते. पिन असती, तर जोडलेली तार निरुपद्रवी ठरली असती.

७/ वैमानिकाने बाहेरचा वीजपुरवठा तोडून विमानाचा स्वतःचा पुरवठा सुरू केला. त्या क्षणी प्रवाह उसळला आणि १०:५१ च्या सुमारास रॉकेट सुटले. डेक ओलांडून ते समोरच्या एका ए-४ स्कायहॉकच्या इंधनटाकीवर आदळले. रॉकेटच्या टोकाकडील स्फोटक फुटले नाही, कारण त्यातील सुरक्षायंत्रणेने आपले काम केले. पण टाकी फुटली, इंधन पसरले आणि पेटले.

८/ येथे तिसरी गोष्ट आड आली. आदल्या दिवशी दारूगोळा पुरवणाऱ्या जहाजाने १,००० पौंडी जुने बॉम्ब दिले होते. ते गंजलेले होते, आणि त्यांतील ‘कॉम्पोझिशन बी’ हे स्फोटक जुने झालेले होते. ते पाहूनच शस्त्रास्त्र कर्मचारी धास्तावले होते. नवे बॉम्ब आगीत काही मिनिटे तग धरत. जुन्यांचा तसा भरवसा नव्हता.

९/ अग्निशमन पथकाचे चीफ जेराल्ड फॅरियर संरक्षक पोशाख चढवायलाही न थांबता, रासायनिक भुकटीचे एकच नळकांडे घेऊन आगीत पडलेल्या बॉम्बकडे धावले. बॉम्ब थोडा वेळ थंड ठेवला, तर सहकाऱ्यांना पाण्याचे नळ ओढून आणता येतील, हा त्यांचा हिशेब. नव्या बॉम्बच्या बाबतीत तो बरोबर ठरला असता. परंतु सुमारे दीड मिनिटातच पहिला बॉम्ब फुटला. फॅरियर आणि त्यांच्या पथकातील बहुतेक जण जागीच गेले.

१०/ पाठोपाठ आणखी बॉम्ब फुटले. पोलादी डेकला भगदाडे पडली आणि पेटते इंधन खालच्या मजल्यांवर ओघळले. तेथे रात्रपाळी संपवून झोपलेले कर्मचारी होते. वर उरलेल्यांनी जिवावर उदार होऊन नळ हाती घेतले. पण एकाने पसरलेला फेस दुसऱ्याच्या पाण्याने वाहून जाई. धैर्याची वाण नव्हती. शिकवलेले हात मात्र पहिल्याच स्फोटात गेले होते. १३४ मृत, १६१ जखमी, २१ विमाने नष्ट.

११/ पुढे सिनेटर झालेले जॉन मॅकेन त्या वेळी एका स्कायहॉकमध्ये होते आणि बचावले. त्यामुळे ही घटना पुष्कळदा त्यांच्या चरित्रातील एक प्रसंग म्हणूनच सांगितली जाते.

१२/ तो धोका तेथेच संपला नाही. १४ जानेवारी १९६९ रोजी हवाईजवळ यूएसएस एंटरप्राइझवर इंजिन सुरू करणाऱ्या यंत्राचा तप्त झोत झुनी रॉकेटावर पडत राहिला आणि ते तापून फुटले. २८ मृत, ३१४ जखमी. या दुर्घटनांनंतर डेक धुऊन काढणारी पाण्याची यंत्रणा आणि बॉम्बवर उष्णतारोधक लेप आला. आग विझवणे ही केवळ एका पथकाची विद्या न राहता साऱ्या खलाशांच्या शिक्षणाचा भाग झाली. नॉरफोकमधील अग्निशमन शाळेला फॅरियर यांचे नाव आहे.

१३/ या घटनेत एकच अपराधी शोधणारा वाचक निराश होईल. समितीला उड्डाणे वेळेवर हवी होती, दारूगोळा जहाजाने हाताशी होते ते दिले, फॅरियर यांनी शिकवले तसे केले. एक कुलूप उघडताना दुसरे खरोखर लागलेले आहे का, हे पाहण्याचे काम मात्र कोणाकडेच सोपवलेले नव्हते.

१४/ ‘उड्डाणापूर्वी काढा’ असे लिहिलेल्या लाल फिती आज किल्ल्यांच्या साखळीला लावायला विकत मिळतात. संग्रहालयातील एखाद्या विमानावर तशी फीत दिसली, तर तिच्यावरील ‘पूर्वी’ हा शब्द जरा थांबून वाचा. पूर्वी, पण किती पूर्वी? फॉरेस्टलवर सारे काही त्या एका प्रश्नावर येऊन ठेपले होते.