मुंबईच्या वेशीवरील पथकर

जुन्नरहून कोंकणांत उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यानें जकातीचें नाणें त्यांत टाकावें आणि मग पुढें जावें, अशी पूर्वीं वहिवाट होती, असें त्या बाजूचे लोक सांगतात. मास्तरकीच्या काळांत मीं मुलांना तेथें चारपांच वेळां नेलें. दर वेळीं एखादा तरी चौकस मुलगा विचारी, "गुरुजी, ज्याच्याजवळ नाणेंच नसेल त्यानें काय करायचें?" या प्रश्नाचें उत्तर मला कधींच नीट देतां आलें नाहीं. श्रोतेहो, आज मला ज्या विषयावर बोलावयाचें आहे त्याच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे, आणि आपल्यापैकीं पुष्कळांनीं तो मुंबईच्या नाक्यावर, गाडीची कांच खालीं करतांना, मनांतल्या मनांत विचारलेला असेल.

मुंबई मुळांत बेटांची. समुद्रानें तोडलेली जमीन जोडावयाची तर बांध घातला पाहिजे, पूल बांधला पाहिजे, आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसला पाहिजे. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दींत शीवहून साष्टीकडे जाणारा बांध १७९८ सालीं सुरू झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या कांहीं वर्षांत पुरा झाला. त्या बांधावरून जाणाराकडून पथकर घेत असत. कंपनी सरकार मुळांत व्यापारी. घातलेला पैसा वसूल करणें हें त्याच्या रक्तांतच होतें. या बांधामुळें साष्टीचा भाजीपाला व धान्य पायीं मुंबईंत येऊं लागलें, हा लाभ मोठाच होता. पण डोकीवर पाटी घेऊन येणाऱ्या बाईच्या हिशेबांत त्या करापायीं एक खर्चाची बाब वाढली, हेंहि तितकेंच खरें.

माहीमची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मला फार आवडते. वांद्रें व माहीम यांच्यामध्यें खाडी. माणसें नावेंतून ये-जा करीत. पावसाळ्यांत नावा उलटत, जीव जात. खाडीवर बांध घालावा अशी मागणी पुष्कळ झाली, परंतु खर्चाचें नांव निघतांच सरकार हात आखडून घेई. अखेर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई पुढें झाल्या. त्यांनीं प्रथम एक लाख रुपये दिले. काम अर्ध्यावर आलें आणि पैसा संपला, तेव्हां आणखी सत्तावन्न हजार दिले. एकूण १,५७,००० रुपये, आणि तेहि १८४० नंतरच्या मुंबईंतले! १८४५ सालीं बांध पुरा झाला. सर जॉर्ज आर्थर तेव्हां गव्हर्नर होते. देणगी देतांना बाईंनीं सरकारास एकच अट घातली: या रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाकडूनहि कर घेऊं नये.

ही अट त्यांना कां घालावीशी वाटली असेल? त्यांच्या मनांतलें कोण सांगणार? पण इतकें दिसतें कीं, नुसता बांध झाल्यानें काम भागत नाहीं हें त्यांनीं ओळखलें होतें. बांधाच्या तोंडाशीं शिपाई बसला आणि त्यानें पैसा मागितला, तर ज्याच्या कनवटीस पैसा नाहीं तो पुन्हां नावेंतच बसणार, आणि ज्या कारणासाठीं बांध बांधला तें कारण जसेंच्या तसें राहणार. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर मी जर कोठें वाचलें असेल तर तें या अटींत.

हा विचार नुसत्या दयाळूपणाचा नव्हता, व्यवहाराचाहि होता. लंडनचेंच उदाहरण पाहा. तेथील थेम्स नदीवरचा वॉटर्लू पूल १८१७ सालीं खुला झाला. तो एका खासगी मंडळीनें बांधला आणि पायीं जाणाराकडूनहि एक पेनी घेण्याचें ठरविलें. पूल मोठा देखणा. पण थोडी वांकडी वाट केली कीं जवळच बिनकराचे पूल होते. लोक तिकडे वळले. तिकडे गर्दी होई आणि हा सुंदर पूल बराचसा ओसच राही. अखेर १८७८ सालीं महानगर मंडळानें तो विकत घेऊन करमुक्त केला, तेव्हां कोठें तो शहराच्या खऱ्या उपयोगास आला. एक पेनी ती काय! पण रोज दोन वेळां ओलांडणाऱ्या मजुराला ती आठवड्याची भाकरी होती.

आतां मुंबईकडे परत येऊं. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ सालीं झाला. मोटारी वाढल्या, उपनगरें वाढलीं, ठाणें, डोंबिवली, नवी मुंबई हीं मुंबईचींच माजघरें झालीं. १९९५ नंतर राज्य सरकारनें शहरांत पंचावन्न उड्डाणपुलांची योजना आंखली आणि तीसाठीं १९९६ सालीं रस्ते विकास महामंडळ स्थापन केलें. पुलांसाठीं कर्ज काढलें, आणि कर्ज फेडण्यासाठीं शहराच्या पांच वेशींवर नाके बसले: दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी. २००२ सालापासून वसुली सुरू झाली. त्याच वर्षीं पुण्याचा द्रुतगती मार्गहि पुरा झाला आणि 'टोल' हा शब्द आपल्या घरोघर पोहोंचला. पथकर म्हटलें तर आतां कोणाला समजत नाहीं. टोल म्हटलें कीं दुसरीच्या मुलालाहि समजतें.

या योजनेंत एक मोठी विसंगति होती. पूल शहराच्या पोटांत आणि कर वेशीवर! दादरहून अंधेरीस रोज चारपांच उड्डाणपूल ओलांडून जाणाऱ्या गृहस्थास छदाम द्यावा लागत नसे. आणि ठाण्याचा रहिवासी नाक्यापलीकडे मैलभर मुलुंडास आपल्या बहिणीकडे मोटारीनें गेला, एकहि उड्डाणपूल त्यानें पाहिला नाहीं, तरी त्यानें पैसे मोजावयाचे. जो वापरतो त्यानें द्यावें, हें पथकराचें मूळ तत्त्व. तें मला मान्य आहे. येथें मात्र बाहेर राहतो म्हणून द्यावें असें झालें होतें. आणि बाहेर कोण राहतो? मुंबईंत घर घेणें ज्याला झेपलें नाहीं तो.

पैशापेक्षां रांग वाईट होती. दुचाकींना टोल नव्हता, म्हणून माझ्या स्कूटरवर मी या सगळ्यापासून बरींच वर्षें अलिप्त होतों. पण २०११ च्या पावसाळ्यांत एके सकाळीं माझ्या थोरल्या बंधूंच्या छातींत कळ आली. डॉक्टरांनीं मुंबईच्या इस्पितळांत हलविण्यास सांगितलें. पुतण्या गाडी चालवीत होता, मी मागें दादांचें डोकें मांडीवर घेऊन बसलों होतों. नाक्यावर गाड्यांची रांग. पुढें जाववेना, मागें सरवेना. मीं उतरून पावसांत भिजत खिडकीपर्यंत गेलों, तेथल्या मुलाला सांगितलें, तो बिचारा म्हणाला, "आजोबा, मी तुमची गाडी सोडीन, पण पुढच्या तीस गाड्या कशा उडवूं?" त्याचेंहि खरें होतें. वीसएक मिनिटांनीं खिडकी आली. पुतण्या म्हणाला, "काका, सुटे आहेत का?" मीं नोट दिली, त्यानें सुट्या नाण्यांऐवजी एक लिमलेटची गोळी हातावर ठेवली. दादा बरे झाले, आज ऐशीच्या घरांत आहेत, आणि ती गोळी आपल्याला दिली नाहीं म्हणून अजून मला टोमणे मारतात. मीं हंसतों, पण त्या वीस मिनिटांचा हिशेब कोणत्याहि वहींत नाहीं, हें माझ्या मनांतून जात नाहीं.

असे हिशेब ज्यांच्या मनांत होते ते पुढें बोलूं लागले. कोल्हापुरांत शहराच्या अंतर्गत रस्त्यांसाठीं टोल बसला, तेव्हां प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं सारें शहर उठलें. कांहीं वर्षांच्या लढ्यानंतर २०१५ च्या अखेरीस तो रद्द झाल्याची घोषणा झाली. त्याच वर्षीं जून महिन्यापासून राज्यांतील बारा नाके बंद झाले आणि आणखी त्रेपन्न नाक्यांवर लहान गाड्यांना व एस. टी. ला माफी मिळाली. मुंबईचे पांच नाके मात्र तसेच राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरांत दर वाढून मोटारीस पंचेचाळीस रुपये झाले, तेव्हां पुन्हां ओरड झाली. रांग ठराविक पिवळ्या रेघेपलीकडे गेली कीं गाड्या फुकट सोडाव्या, या नियमाची आठवण करून देण्यांत आली. शेवटीं १४ ऑक्टोबर २०२४ रोजीं मंत्रिमंडळानें निर्णय घेतला आणि त्याच मध्यरात्रीपासून पांचही नाक्यांवर लहान मोटारी, शाळेच्या बसगाड्या व एस. टी. यांना माफी झाली. निवडणूक तोंडावर होती, हें सांगावयास नकोच. निर्णयाचें कारण कांहींहि असो, ठाण्याच्या माणसाला दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलुंड मैलभरच दूर आहे याचा प्रत्यय आला. मालवाहू ट्रकांना मात्र ही सवलत मिळाली नाहीं. ट्रकाचा टोल ट्रकवाला देतो असें आपण समजतों. तो भाजीच्या टोपलींत बसून आपल्याच घरीं येतो.

एक गोष्ट येथें न्यायानें सांगितली पाहिजे. पथकराला सरसकट शिव्या देणारांपैकीं मी नाहीं. पूल बांधल्याबद्दल घेतलेला कर निराळा आणि गर्दी केल्याबद्दल घेतलेला कर निराळा. सिंगापुरानें १९७५ सालीं शहराच्या मध्यभागीं सकाळच्या वेळीं येणाऱ्या मोटारींवर दिवसाला तीन डॉलरचा परवाना बसविला. लंडनमध्यें महापौर केन लिव्हिंगस्टन यांनीं १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्यवस्तींत येणाऱ्या मोटारींवर रोज पांच पौंड कर लावला. तेथें नाका नाहीं, दांडी नाहीं, रांग नाहीं. कॅमेरे गाडीचा नंबर वाचतात. पहिल्या वर्षांत त्या भागांत येणाऱ्या वाहनांची संख्या सुमारे १८ टक्क्यांनीं उतरली. महत्त्वाची गोष्ट ही कीं, त्या कराचें उत्पन्न वाहतुकीच्या सोयीसाठींच खर्च करावें असें कायद्यानें बांधून टाकलें होतें, आणि बसगाड्यांची भर अगोदर घातली होती. मोटार सोडणाऱ्याला बस मिळाली. आपल्या वेशीवरच्या करानें एकहि मोटार कमी झाली नाहीं, कारण मोटार कमी करणें हा त्याचा हेतूच नव्हता. उलट गाडी थांबली, धूर वाढला. पुढें २०२० सालीं लंडनचा कर पंधरा पौंड झाला, तेव्हां तेथेंहि कुरकुर झालीच; पंधरा पौंड धनिकाला कांहींच नव्हेत आणि रात्रपाळीच्या नर्सला पुष्कळ आहेत, ही तक्रार रास्तच होती.

कॅमेऱ्याचा विषय निघालाच आहे तर दंडाविषयीं थोडें बोलतों. १९१४, १९३९, १९८८ असे मोटार वाहनांचे कायदे आपल्याकडे एकामागून एक झाले, पण कायदा रस्त्यावर उभा राहतो तो शिट्टीवाल्या शिपायाच्या रूपानें. १९९४ च्या सुमारास मी घाईनें स्कूटर एका प्रवेशबंद गल्लींत घातली. शिपायानें अडविलें. चेहरा ओळखीचा! चौथीला माझ्याच वर्गांत होता. तो ओशाळला, मी त्याहून ओशाळलों. म्हणाला, "गुरुजी, पावती फाडावीच लागेल हो." म्हटलें, "फाड बाबा." शंभर रुपये दिले. पावतीवरचें त्याचें अक्षर पाहिलें आणि शुद्धलेखनाच्या वहीवर मीं घेतलेली मेहनत फुकट गेली नाहीं, एवढें समाधान घेऊन घरीं आलों. सगळेच शिपाई असे नव्हते. चिरीमिरी घेऊन सोडणारेहि होते, आणि देणारे आपणच होतों.

२०१६ पासून मुंबईंत रस्त्यावरचे कॅमेरे आणि ई-चलन आलें. चिरीमिरी बरीच आटली, हा लाभ लहान नाहीं. २०१९ च्या सप्टेंबरांत केंद्राचा सुधारलेला कायदा अमलांत आला. महाराष्ट्रानें वाढीव दंड लावण्यास २०२१ चा डिसेंबर उजाडविला. पण कॅमेऱ्याला हातवारे करून कांहीं सांगतां येत नाहीं. इस्पितळांत नेतांना दिवा ओलांडला, कीं सिनेमाला जातांना ओलांडला, हें त्याला कळत नाहीं. दंड झाल्याचें माणसाला कधीं कधीं महिन्यांनीं कळतें, तोंवर तो गुन्हा त्याला आठवतहि नसतो. मग चलनें सांचतात आणि लोक-अदालतीची वाट पाहतात. शिक्षा चुकीच्या पाठोपाठ झाली तरच मूल सुधारतें, हें आम्हां मास्तरांना कोणीं शिकवावें लागत नाहीं.

मागच्या महिन्यांत पुतण्याबरोबर वांद्र्याच्या किनाऱ्यावर गेलों होतों. तेथून समोर सागरी सेतु दिसतो. तो ३० जून २००९ रोजीं खुला झाला. त्यावर टोल आहे, आणि दुचाकीला व पायीं जाणाराला त्यावर मज्जाव आहे. डावीकडे, थोडा आंत, आवाबाईंचा बांध. पुतण्यानें विचारलें, "काका, परत जातांना सेतूवरून जाऊं या का? लवकर पोहोंचूं." मला घाई नव्हती. आम्ही माहीमवरून गेलों. गर्दी भयंकर होती. आमच्यापुढें एक बस, तिच्यापुढें हातगाडी, आणि हातगाडीच्या बाजूनें डोकीवर पाटी घेतलेल्या दोन कोळणी भराभर चालल्या होत्या. बांध संपेपर्यंत आम्हांला कांहीं त्यांना गांठतां आलें नाहीं.