ग्रंथांत बांधलेलें वस्त्रसंग्रहालय

वस्तुसंग्रहालय म्हटलें कीं इमारत डोळ्यांपुढें येते. परंतु इ. स. १८६६ मध्यें लंडनच्या इंडिया ऑफिसांतील जॉन फोर्ब्स वॉटसन यांनीं हिंदी कापडाचें संग्रहालय १८ ग्रंथांत बांधलें. नमुने ७००, संच २०. धोतर, लुगडें, पागोटें हीं वस्त्रें मागावरून उतरतांच नेसण्या-बांधण्याजोगीं असतात, त्यांस कात्री-सुई लागत नाहीं, हें त्यांनींच नोंदविलें आहे. आणि संचांसाठीं त्याच वस्त्रांचे तुकडे तुकडे केले! उद्देश लपविलेला नव्हता. हिंदी गिऱ्हाइकास काय आवडतें हें विलायती गिरणीवाल्यांनीं पाहावें व तसेंच विणून इकडे धाडावें. विणकराच्या हातची विद्या ती त्याच्याच मुळावर उठावयाची होती. वीसांपैकीं १३ संच विलायतेंत राहिले. हिंदुस्थानच्या वांट्यास ७ आले.