जुन्या चाकाची वंशावळ

गेल्या मे महिन्यात आमच्या घरातून एक सायकल गेली आणि दुसरी आली. आलेलीही जुनीच, पण गेलेलीपेक्षा तरुण. एवढ्याशा गोष्टीवर दिवाळी अंकात काय लिहायचे, असे वाचकांना वाटेल. मलाही वाटले होते. पण जुनी सायकल मिस्त्रीच्या दुकानात उलटी करून ठेवली, तिची चाके निघाली, आणि इतिहासाचा मास्तर म्हणून बत्तीस वर्षे काढलेल्या माझ्या मनात त्या चाकांचा इतिहास फिरू लागला. तोच इथे मांडतो.

आमच्या घराण्यात सायकली तीन पिढ्या आहेत. नवी कोरी सायकल मात्र एकदाच आली. वडिलांनी १९५८ साली कॅम्पातल्या एका बदली झालेल्या कारकुनाकडून उंच, काळी, अठ्ठावीस इंची सायकल घेतली. तिला पुढे नगरपालिकेचा पितळी बिल्ला आणि मागे कॅरिअर. राज्य दोन वर्षांपूर्वीच बदलले होते; बिल्ल्याचा कर मात्र होता तिथेच भरावा लागे. त्याच सायकलवर मी कॉलेजला गेलो, नोकरीला लागलो. पुढे १९९६ साली मुलगा नववीत गेला, तेव्हा त्याच्या हट्टासाठी पहिल्यांदा दुकानातून नवी सायकल आणली. जाड टायर, सरळ हँडल, लाल रंग. 'माउंटन बाइक' हा शब्द आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. गियर नव्हते. डोंगराशी तिचा संबंध नावापुरताच होता.

मुलगा २००१ साली नोकरीसाठी पुण्याला गेला. सीमाभागातील घरांना ही गोष्ट नवी नाही. खोली रिकामी झाली, सायकल जिन्याखाली राहिली. एका रविवारी मी तिच्यात हवा भरली आणि येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघालो. शेवटचा चढ हातात धरून चढवली. तेव्हापासून वीस-बावीस वर्षे हा रविवारचा नेम झाला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. बेळगावच्या माणसाने सायकलचा इतिहास दूरवर शोधण्याची गरज नाही. गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान सुरू केले. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत आणि थोरले बंधू रामुअण्णा इथे त्या विकीत. एका सायकलची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे, असे सांगतात. शिक्षकाच्या पगारात बसणारी ही वस्तू नव्हती. याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. तीन वर्षांपूर्वी, १८८५ साली, इंग्लंडमध्ये स्टार्ली यांची 'रोव्हर' आली होती: सारख्या मापाची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी. आज आपण ज्याला सायकल म्हणतो त्याचा आकार तेव्हा ठरला. पुढे १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर निघाला, १९१० साली कारखाना औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेला आणि किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात किर्लोस्कर रोड तेवढा राहिला. त्या रस्त्याने जाताना यंत्रयुगाचे एक दार इथे सायकलच्या घंटीने उघडले होते, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल?

सायकल घेऊन डोंगरात शिरण्याची हौसही जुनी आहे. अमेरिकन सैन्याच्या २५व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय शिपाई १८९७ साली मोंटानातून सेंट लुईसपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल सायकलींवर गेले. वाटेत डोंगर, चिखल, वाळू, सगळे आले. इंग्लंडमध्ये १९५५ साली खडकाळ पायवाटांवर सायकल नेणाऱ्यांचे एक मंडळच स्थापन झाले. पण खास त्या कामासाठी घडवलेली सायकल यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

ती जन्मली कॅलिफोर्नियात, आणि जन्मली भंगारातून. १९३३ साली अमेरिकेतील श्विन कंपनीने मुलांसाठी जाड, फुगीर टायरांच्या मजबूत सायकली आणल्या. चाक सव्वीस इंची, टायर दोन इंचांहून रुंद. त्यांवर बसून पोरांनी घरोघर वर्तमानपत्रे टाकली. पुढे फॅशन बदलली आणि या सायकली कोठारांत गंजत पडल्या. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरीन परगण्यातील तरुणांनी त्या कवडीमोलाने उचलल्या. मडगार्ड, साखळीचे झाकण, जे जे अनावश्यक ते काढून टाकले आणि टामलपाइस डोंगराच्या परिसरात त्या भरधाव उतरवू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ त्यांची पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार! या सायकलींचा ब्रेक पायडल उलटे फिरवून मागच्या चाकाच्या तुंब्यात लागायचा. तळाशी पोचेपर्यंत तुंबा इतका तापे की ग्रीसचा धूर होई. प्रत्येक उतरणीनंतर तुंबा उघडायचा आणि नवे ग्रीस भरायचे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच शर्यतीचे नाव पडले 'रीपॅक'.

जुन्या सांगाड्यांना असे किती दिवस हाल सोसणार? ते मोडू लागले. मग जो ब्रीझ यांनी १९७७ साली क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची, खास डोंगरासाठीची पहिली सायकल पुरी केली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली 'माउंटनबाइक्स' नावाची कंपनी काढली. सांगाडे टॉम रिची घडवीत. १९८१ साली 'स्टम्पजम्पर' ही जपानमध्ये तयार झालेली सायकल मोठ्या प्रमाणावर बाजारात आली आणि हौशी टोळक्याचा खेळ धंदा झाला. १९९० साली कोलोरॅडोतील दुरांगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइक शिरली. आमच्या जिन्याखालच्या लाल सायकलचे जन्मवर्षही हेच. हा मान मला इतक्या उशिरा कळला.

या सगळ्यात सांगाडा नवा आला, गियर आले, ब्रेक बदलले. चाकाचे माप मात्र सव्वीस इंचीच राहिले, कारण त्या जुन्या सायकलींचे टायर आणि रिम तेवढ्याच मापाचे मिळत. पेपर टाकणाऱ्या पोरांसाठी ठरलेले माप जगभरच्या डोंगरी सायकलींनी तीस वर्षांहून अधिक काळ वागवले, आणि ते फिरत फिरत बेळगावातल्या आमच्या दारात आले.

गेल्या उन्हाळ्यात गडावरून उतरताना पायडलखालून 'टक्, टक्' आवाज येऊ लागला. शहापुरातला आमचा मिस्त्री कन्नड बोलणारा. तो माझ्याशी हट्टाने मराठीत बोलतो आणि मी त्याच्याशी हट्टाने कन्नडमध्ये; चाळीस वर्षांत दोघांपैकी कोणी माघार घेतलेली नाही. त्याने सायकल उलटी केली, चिंधीने माती पुसली आणि बोट ठेवले. पायडलचा आस ज्या नळ्यात फिरतो, त्याच्या जोडावर केसाएवढी चीर.

"जोड देईन की सर," तो म्हणाला. "लोखंड आहे, धरेल. पण तुम्ही गडावरून उतरणार. त्याची जबाबदारी मी घेणार नाही."

रात्री मुलाला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "बाबा, देऊन टाका ना भंगारात. नवीन घ्या, पैसे मी पाठवतो." त्याचे चुकले नव्हते. पण त्याच्यासाठी घेतलेली ती सायकल त्याने पाच वर्षे चालवली आणि मी वीस वर्षांहून अधिक. ती भंगारात देण्याची परवानगी त्याच्याकडून मिळावी, याचे थोडे लागलेच. पैसे नकोत म्हटले. नवी घ्यायची नाही हेही त्याच वेळी ठरले. घराण्याची रीत मोडून एकदा पाहिली होती.

मिस्त्रीनेच गिऱ्हाईक गाठून दिले. शिक्षण संपवून गावाकडे परतणारा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी. सायकल पाच वर्षांची, अॅल्युमिनियमचा सांगाडा, एकवीस गियर, डिस्क ब्रेक. नऊ हजार सांगितले, आठात तुटले. अशी सायकल घेताना काय पाहावे, ते मिस्त्रीने मला त्या दिवशी शिकवले. हँडलखालचा आणि पायडलजवळचा जोड उजेडात धरून पाहावा. अॅल्युमिनियमला चीर असेल तर गल्लीतल्या वेल्डिंगवर भरवसा ठेवू नये. चाक उचलून फिरवावे, डुलते का पाहावे. साखळी पट्टीने मोजावी: बारा जोड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरली पाहिजे, एक अष्टमांश इंच जास्त भरली, तर साखळीबरोबर दातेरी चक्रेही गेली असे समजावे. आणि पायडलखाली कोरलेला नंबर पावतीवर लिहून घ्यावा, म्हणजे पुढे चोरीच्या मालाची भानगड नको.

मी जुन्या सायकलचे दोन चांगले टायर नव्या चाकांना चढवायला सांगितले. मिस्त्री हसला. "बसणार नाहीत सर. ही साडेसत्तावीसची चाके." टायर जिथे बसतो तिथे रिमचा व्यास पूर्वी ५५९ मिलिमीटर, आता ५८४. अवघा पंचवीस मिलिमीटरचा फरक, पण तेवढ्याने एक पिढी संपली. मोठे चाक खड्ड्यावरून सहज जाते, म्हणून २०१० नंतर हे माप बाजारात पसरले. गंमत अशी की ते नवे नाहीच. फ्रान्समध्ये लांबच्या सफरींच्या सायकलींना हे माप कितीतरी आधीपासून होते. अडगळीतून काढून ते पुन्हा रस्त्यावर आणले, इतकेच. म्हणजे माझी 'नवी' सायकल आली जुनी, आणि तिच्या चाकाचे मापही जुनेच!

लाल सायकलचा सांगाडा मी स्वतः तराजूत ठेवला. दुसऱ्या कोणी ठेवू नये असे वाटले. घंटी काढून नव्या हँडलला लावली. चाके राहिली. ती कोणाला हवीत, असे मिस्त्रीला विचारले, तर त्याने दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या एका सव्वीस इंची सायकलकडे बोट दाखवले. तिची रिम खड्ड्यात वाकली होती. मालक चौदा-पंधरा वर्षांचा. पहाटे आमच्या भागात पेपर टाकतो, मराठी आणि कन्नड दोन्ही.

पुढच्या रविवारी राजहंसगडाचा शेवटचा चढ मी पहिल्यांदाच खाली न उतरता चढलो. धाप लागली, पण चढलो. उतरताना हात सारखा ब्रेककडे जात होता; नव्याची सवय व्हायला वेळ लागेल. सोमवारी पहाटे फाटकाशी पेपर पडल्याचा आवाज झाला. मी खिडकीतून पाहिले. पोरगा वळणावर पोचला होता आणि चाके सरळ फिरत होती.