बाधणारा गहू, मानवणारी ज्वारी

'फूड इन्टॉलरन्स'ला मराठीत 'अन्न-असहिष्णुता' असा प्रतिशब्द आरोग्यविषयक लेखनातून रूढ होऊ पाहतो आहे. शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण तो वर्तमानपत्राच्या अग्रलेखातून थेट स्वयंपाकघरात आल्यासारखा वाटतो. मराठीजवळ या अनुभवासाठी आधीपासून क्रियापदांचा एक लहानसा संसारच आहे : मानवणे, सोसणे, बाधणे, पचणे, अंगी लागणे. यांची वाक्यरचना पाहण्यासारखी आहे. 'मला दूध सोसत नाही', 'त्याला वांगे बाधते', 'हिला गहू मानवत नाही'. या वाक्यांत कर्ता अन्न आहे आणि माणूस चतुर्थीत उभा आहे. कृती अन्नाची, भोग माणसाचा. 'असहिष्णू' या विशेषणाने मात्र सारा दोष खाणाऱ्याच्या पदरात टाकला आहे. शब्दांतल्या या फरकामागे एक इतिहास आहे, आणि खानदेशात तो चांगला दिसतो.

'मानवणे' ही कल्पना शास्त्राला अपरिचित नव्हती. चरकसंहितेत 'सात्म्य' म्हणून जी संज्ञा येते ती याच अर्थाची : जे शरीराला सवयीने, देशाने, प्रकृतीने अनुकूल झाले ते सात्म्य. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे. द्रव्याचा स्वभाव, त्यावरचा संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, खाण्याचे नियम, आणि आठवे अंग म्हणजे खुद्द खाणारा. पथ्य सर्वांना सारखे नसते, हे त्या चौकटीत गृहीतच आहे. सवयीचे झालेले अहितकर अन्नही एकाएकी न तोडता क्रमाक्रमाने सोडवावे, असेही तिथे सांगितले आहे. आजच्या वैद्यकातली कारणमीमांसा अर्थातच निराळी आहे आणि या दोहोंची ओढून-ताणून सांगड घालण्याचा मोह टाळलेला बरा. पण 'देश' हे अंग इथे कामाचे आहे. एखाद्या मुलखात कोणते धान्य रोजचे आणि कोणते सणाचे, यावर त्या मुलखात कोणता आजार दिसेल आणि कोणता झाकलेला राहील हे बरेच अवलंबून असते.

जळगावहून अजिंठ्याच्या वाटेला लागले की जामनेर तालुक्यातले पहूर लागते. वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांपाशी दरीतून उतरते आणि याच गावावरून पुढे जाते. गाव पेठ आणि कसबे अशा दोन नावांनी वसलेले आहे. पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी सुमारे शंभर वर्षे इथे थांबत असे. 2020 मध्ये ती बंद झाली. एका अंगाला तापीच्या खोऱ्याची काळी जमीन, दुसऱ्या अंगाला अजिंठ्याच्या डोंगररांगेची हलकी, मुरमाड जमीन. म्हणजे कापूस आणि ज्वारीचा, तसाच बाजरीचाही शेजार. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड 1880 मध्ये निघाला. त्यातही बाजरी आणि ज्वारी हीच लोकांची मुख्य धान्ये म्हणून येतात. गहू पिकत होता, पण सामान्य कुणब्याच्या घरी तो सणाला, पाहुण्याला आणि लग्नाला. पुरणपोळी, खापरावरचे मांडे, बट्टी या पदार्थांची प्रतिष्ठा गव्हाच्या या दुर्मीळपणातूनच आलेली आहे.

योगायोग असा की त्याच 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांच्या 'घरोट' या कवितेचे नावच जात्याचे आहे; खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीच्या रचना सोपानदेवांनी व आप्तांनी टिपून ठेवल्या आणि 1952 मध्ये त्या ग्रंथरूपाने आल्या, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. पण साहित्याच्या वर्गात घरोट 'प्रतिमा' म्हणून शिकवले जाते आणि त्यात काय दळले जात होते हा प्रश्न राहून जातो. घरचे धान्य घरच्या जात्यावर दळले जात असे, त्याच्या पाळीत परक्या पिठाचा कण मिसळण्याचा संभव फार कमी. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता प्रश्न असा, की अशा घरात जन्मलेल्या ज्या मुलाच्या आतड्याला गहू बाधत असेल, त्याचे काय होत असेल? ज्या विकाराला आज 'सिलियाक' म्हणतात त्यात गहू, सातू आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न अंगी लागत नाही. मूल वाढत नाही, पोट फुगते, रक्त कमी पडते. काटेकोर बोलायचे तर ही नुसती 'न सोसण्याची' तऱ्हा नव्हे, तो स्वयंप्रतिकारक आजार आहे. गव्हाची ॲलर्जी वेगळी, आणि नुसता गहू जड जाणे हे त्याहूनही वेगळे. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, नागली यांत ग्लुटेन नसते. तेव्हा वर्षाकाठी मोजके दिवस गहू खाणाऱ्या घरात हा आजार पुष्कळदा जाणवलाच नसेल. 'सणाचे जेवण बाधले' एवढीच त्याची नोंद झाली असेल. हे अर्थात अनुमान आहे, पण त्याला आधार देणारी एक पाहणी आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशाच्या तीन विभागांत केलेल्या त्या पाहणीत सिलियाकचे प्रमाण उत्तर भारतात 1.23 टक्के, ईशान्येत 0.87 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के आढळले. आनुवंशिक कल मात्र तिन्हीकडे फारसा वेगळा नव्हता. गव्हाच्या रोजच्या सेवनात मोठी तफावत होती. खानदेश या दोन भारतांच्या सीमेवर आहे, भूगोलानेही आणि ताटानेही.

या आजाराचे कारण सापडण्याच्या कथेत केळ्याचे एक प्रकरण आहे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वाचकाला ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. न्यूयॉर्कचे बालवैद्य सिडनी हास यांनी 1924 मध्ये अशा मुलांना केळ्यांचा आहार देऊन त्यांना बरे केल्याचे प्रसिद्ध केले. मुले खरोखरच सुधारत. कित्येक वर्षे जग समजत होते की केळ्यातच काही औषधी गुण आहे. पुढे नेदरलँड्सचे विलेम कारेल डिके यांनी गव्हाकडे बोट दाखवले. 1930 च्या दशकापासून ते मुलांना गव्हाविना ठेवून पाहत होते. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन वेढ्यामुळे त्या देशात पाव मिळेनासा झाला, लोक उपासमारीने मेले, आणि नेमकी हीच मुले त्या काळात सुधारली, असे सांगतात. ही कथा थोडी सजवलेली असली तरी डिके यांचा संशय तिच्याआधीचा आहे. 1950 मध्ये त्यांनी उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केला. हास यांच्या केळ्याने मुले बरी झाली नव्हती. केळी पोटात असताना पाव पोटात नव्हता, म्हणून ती बरी झाली होती. आहारात काय घातले याचे श्रेय आपण चटकन देतो, काय गाळले गेले याकडे लक्ष जात नाही. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या जाहिरातीत कोणी हास यांचा दाखला देऊ नये एवढीच इच्छा.

युरोपात पाव नाहीसा झाल्याने आजाराचे कारण कळले. आपल्याकडे गहू आल्याने आजार उजेडात येऊ लागला. हा प्रवास जेमतेम दोन पिढ्यांचा आहे. अमेरिकेशी पी. एल. 480 खालचा पहिला करार 1956 मधला. 1965 आणि 1966 च्या लागोपाठच्या अवर्षणात देशाने एकेका वर्षी सुमारे 1 कोटी टन धान्य बाहेरून आणले, त्यात गहू मुख्य. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राची ज्वारी गेली. त्या पिढीच्या आठवणींत लाल 'मिलो' आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी हटकून येतात. मिलो हीसुद्धा ज्वारीच, पण परकी; आणि ती जनावरांचे खाद्य म्हणून आपल्या माथी मारली ही भावना लोकांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे हरितक्रांतीचा गहू रास्त भावाच्या दुकानातून घरोघर पोचला. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यासाठी 1 रुपया किलो असा सर्वांत कमी दर लिहिलेला होता, आणि जानेवारी 2023 पासून तर धान्य मोफतच झाले. पण शिधापत्रिकेवर प्रत्यक्षात येतो तो मुख्यतः गहू आणि तांदूळ.

दुसरीकडे ज्वारीचे स्थान आतूनच खचत गेले. 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिले संकरित वाण आले, उत्पादन वाढले. पण खरिपाची संकरित ज्वारी कणसात असताना पाऊस झाला की दाणा काळा पडतो. त्याला भाव नाही आणि भाकरीला चव नाही. 'हायब्रीड' हा शब्द मराठीत निकृष्टतेचे विशेषण झाला, यात या भाकरीचा मोठा वाटा असावा. खानदेशाची खरी ज्वारी म्हणजे रब्बीची दादर. तापीकाठच्या काळ्या जमिनीत नुसत्या ओलाव्यावर येणारी ही ज्वारी पांढरी आणि गोड असते. कापूस, मका आणि केळी यांच्यापुढे तिचे क्षेत्र आकसले. सोंगणीला माणूस मिळत नाही, पाखरे राखायला कोणी नाही. जे धान्य गरिबाचे म्हणून हिणवले गेले, ते आता पुष्कळदा गव्हाहून महाग असते.

भाषेने या बदलाची बाजू आधीच घेतली होती. 'आपल्या पोळीवर तूप ओढून घेणे' यात पोळी हे सुस्थितीचे चिन्ह. 'मीठभाकर' म्हटले की दारिद्र्य. ग्रामीण आणि दलित साहित्यात भाकरी भुकेच्या बाजूने उभी राहिली आणि तिला मोठा अर्थ आला. पण त्यामुळे ती एक सुग्रास, निगुतीने करायची वस्तू आहे हे समीक्षेच्या नजरेआड झाले. डब्यात पोळी नेणे ही प्रगती आणि भाकरी नेणे ही लाज, असे मानणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत.

म्हणून ज्याला गहू बाधतो त्याच्यासाठी खानदेशी स्वयंपाकघर काय देते, ते जरा तपशिलाने पाहू. ग्लुटेन म्हणजे पिठाचा चिकटपणा; तो नसेल तर पीठ ताणले जात नाही. ज्वारीच्या बाबतीत हे काम गरम पाणी करते : उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, मळल्यावर धरतो, आणि भाकरी थापता येते. पीठ जुने झाले की 'विरी' जाते असे बायका म्हणतात, म्हणून ते थोडे थोडे दळायचे. कळण्याची भाकरी हा त्यावरचा आणखी कसबी उपाय. ज्वारीत सालीसकट काळे उडीद आणि मीठ घालून दळले की उडदाच्या बुळबुळीत गुणाने पीठ बांधले जाते, आणि ज्वारीत कमी असलेले लायसिन उडदातून भरून निघते. ही जोडणी कुणा आहारतज्ज्ञाने सुचवलेली नाही. तिच्यासोबत हिरव्या मिरचीचे, काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत. जोडीला डाळ वाटून वाफवलेले फुनके आणि कढी, आंबवलेल्या ज्वारीचे बिबडे, बेसनाच्या शेवेची झणझणीत भाजी. यांतल्या कोणत्याही पदार्थाला मूळ कृतीत गहू लागत नाही. दूध बाधणाऱ्यालाही इथे फारसे अडत नाही. विरजणातले जंतू दुधातली बरीचशी साखर खाऊन टाकतात, म्हणून अनेकांना ताक चालते.

पण 'गहू लागत नाही' आणि 'गहू नाही' यांत अंतर आहे. घरोट गेले आणि गिरणी आली. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असतील तर मागच्या पिठाचे कण ज्वारीच्या पिठात उतरतात. सिलियाकच्या रुग्णाला तेवढेही पुरते. आपल्याकडच्या अन्नमानकांनुसार 'ग्लुटेनमुक्त' म्हणायला किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन चालते, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. बाजारातला हिंग बहुधा डिंक आणि मैदा मिसळून बांधलेला असतो, तेव्हा वरणाच्या फोडणीतूनही गहू येतो. हॉटेलातल्या शेवेत काय मिसळले आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही. आणि एक सूचना, विषय निघालाच आहे म्हणून : संशय आला की आधी तपासणी, मग पथ्य. गहू आधीच सोडला तर रक्तातल्या खुणा पुसट होतात आणि निदान चुकते.

घरातली ही व्यवस्था जमते. अडचण पंगतीत येते. खानदेशातल्या लग्नाचे जेवण म्हणजे वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टीच्या पिठात थोडा मका असतो, पण गाभा गव्हाचा. तिला नकार देणे म्हणजे यजमानाच्या तुपाला नकार देणे. आग्रह हा शिष्टाचार असलेल्या समाजात 'मला मानवत नाही' हे वाक्य तिसऱ्यांदा म्हणताना उद्धट वाटू लागते. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. प्रसादाला कणभर का होईना पण हात पुढे करावाच लागतो, आणि तोच कण बाधतो. सासरी नव्याने आलेल्या मुलीला हे कसे जड जात असेल, याची कल्पना करता येते. तिचे पथ्य 'नखरा' ठरायला एक सण पुरतो.

गंमत अशी की त्याच धर्मव्यवहाराने तिच्यासाठी एक सोयही करून ठेवली आहे. उपासाला गहू वर्ज्य. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाण्याची आमटी. आषाढी एकादशीला सारे घर तिचेच अन्न खाते. त्या दिवशी तिचे ताट वेगळे वाढावे लागत नाही आणि कुणी कारण विचारत नाही. राजगिऱ्याचे पीठ कोणत्या गिरणीतून आणले, एवढे मात्र तिला त्या दिवशीही विचारून घ्यावे लागते.