तीन आठवडे, आठ हजार भागधारक : पोलादाच्या कारखान्याचे भांडवल कसे उभे राहिले?

१/ १९०७ च्या पावसाळ्याची अखेर. मुंबईतील टाटांच्या कचेरीपुढे सकाळपासून रात्री उशिरापर्यंत माणसांची रीघ लागली होती. त्यांत श्रीमंत होते आणि बेताच्या मिळकतीचेही होते. सर्वांना हवा होता तो एका पोलाद कारखान्याचा भाग, म्हणजे शेअर. कारखाना मात्र अजून उभाच राहिला नव्हता.

२/ मोठ्या उद्योगाची अडचण जुनीच आहे. खर्च आज करावा लागतो, उत्पन्न काही वर्षांनी येते. एवढा पैसा एका घराण्याच्या तिजोरीत नसतो. मग दोन वाटा उरतात. लोकांना मालकीत सहभागी करून घ्यायचे, किंवा त्यांच्याकडून कर्ज काढायचे. पहिल्या वाटेचा कागद म्हणजे भाग, दुसरीचा कर्जरोखा. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीच्या इतिहासात हे दोन्ही कागद भेटतात, आणि संकटकाळी ते किती वेगळे वागतात हेही दिसते.

३/ भारतात पोलाद निर्माण करण्याचे स्वप्न जमशेटजी टाटांचे. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाची माहिती टाटांना कळवली होती. खनिज सापडले, पुढे साकची गावाजवळची जागाही ठरली. उणीव होती ती पैशाची.

४/ त्या काळी मोठे भांडवल मागायचे तर लंडन गाठायचे, हा शिरस्ता होता. जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांनीही तेच केले. पण तेथील पैशाच्या बाजारात मंदी होती, आणि पैसा देऊ पाहणाऱ्यांना कारभारावर आपला ताबा हवा होता. बोलणी फिसकटली. तेव्हा मुंबईच्याच लोकांपुढे जाण्याचा निर्णय झाला.

५/ हा निर्णय सोपा नव्हता, कारण मुंबईचे हात एकदा चांगलेच पोळले होते. अमेरिकेतील यादवी युद्धात तेथला कापूस अडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशातून शेअरांचे वेड पसरले. बॅक बे भरणी कंपनीचा ५ हजार रुपयांचा भाग ५० हजारांच्या आसपास गेला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला तेव्हा देणेकऱ्यांजवळ द्यायला पैसाच नव्हता. कित्येक पेढ्या बुडाल्या.

६/ मग ४२ वर्षांनी त्याच शहराने पुन्हा विश्वास का टाकला? पहिले कारण काळाचे. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे देशभर वाहत होते. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडासाठी लोक एकेक पैसा देत होते. त्या निधीतूनच तळेगावचा काच कारखाना निघाला. पण तो पैसा वर्गणीचा होता. देणाऱ्याला कारखान्याची मालकी मिळत नव्हती. टाटांच्या माहितीपत्रकाने देशप्रेमाला मालकीची जोड दिली.

७/ दुसरे कारण कायद्याचे. कंपनी मर्यादित जबाबदारीची होती. ती बुडाली तर भागधारकाने भागात घातलेली रक्कम जाई, पण त्याच्या घरादारावर जप्ती येत नसे. ही मर्यादा नसती, तर एखादा कारकून वा शिक्षक दूरच्या जंगलातील भट्टीसाठी आपली पुंजी द्यायला धजावला नसता.

८/ तिसरे कारण व्यवहाराचे. दहा वर्षे दरवर्षी २० हजार टन रूळ आयातीच्या भावाने विकत घेण्याची तयारी सरकारने दाखवली होती. पहिला रूळ तयार होण्याआधीच गिऱ्हाईक ठरले होते.

९/ कंपनीची नोंदणी २६ ऑगस्ट १९०७ रोजी झाली. भागभांडवल २,३१,७५,००० रुपये. त्यात तीन प्रकारचे भाग होते. ७५ रुपयांचे २ लाख साधारण भाग. १५० रुपयांचे ५० हजार अग्रहक्क भाग : यांना नफ्यातून आधी ६ टक्के. आणि ३० रुपयांचे २२,५०० विलंबित भाग : इतरांना ठरलेला लाभांश मिळाल्यावर यांची पाळी. सावध माणसाने अग्रहक्क भाग घ्यावा, धाडसी माणसाने विलंबित. एकाच कारखान्यात प्रत्येकाला आपापल्या धीराप्रमाणे जागा होती.

१०/ तीन आठवड्यांत सारी रक्कम जमा झाली. पैसा देणारे सुमारे ८ हजार जण होते, आणि ते सर्व भारतीय होते.

११/ पण भट्टी बांधणे वेगळे आणि ती चालवणे वेगळे. कोळसा, पगार, वाहतूक यांसाठी खेळते भांडवल लागते. त्यासाठी कंपनीने नवे मालक न घेता कर्जरोखे काढले. ४ लाख पौंडांची, म्हणजे तेव्हाच्या दराने ६० लाख रुपयांची ही संपूर्ण विक्री एकाच व्यक्तीने घेतली : ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. भाग घेणारे हजारो, रोखे घेणारा एक. डिसेंबर १९११ मध्ये साकचीला पहिले लोखंड निघाले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद.

१२/ येथे दोन्ही कागदांतील फरक नीट पाहू. भागधारक मालक असतो. नफा झाला तर त्याला वाटा, नाही झाला तर काही नाही. आपले पैसे परत द्या, असे तो कंपनीला म्हणू शकत नाही. रोखेधारक सावकार असतो. नफा होवो वा तोटा, त्याचे व्याज ठरल्या दिवशी द्यावे लागते आणि मुदत भरली की मुद्दलही. कंपनी मोडीत निघाली तर आधी रोखेधारक, मग अग्रहक्क भागधारक, आणि काही उरलेच तर साधारण भागधारक.

१३/ या फरकाची परीक्षा पहिल्या महायुद्धानंतर झाली. युद्धात पोलादाला मोठी मागणी होती. त्या भरात कारखान्याचा प्रचंड विस्तार हाती घेतला गेला. मग भाव कोसळले, परदेशी पोलाद स्वस्तात येऊ लागले. १९२४ मध्ये कामगारांच्या पगारालाही पैसा पुरेना. पगार आणि व्याज थांबू शकत नव्हते. थांबू शकत होता तो फक्त लाभांश.

१४/ दोराबजींनी आपली सुमारे १ कोटी रुपयांची खासगी मालमत्ता, पत्नी मेहेरबाईंच्या दागिन्यांसह, इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून कर्ज मिळवले. त्याच वर्षी विधिमंडळाने पोलाद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. कारखाना तगला. मात्र साधारण भागधारकांच्या वाट्याला पुढे कित्येक वर्षे लाभांश आला नाही.

१५/ इतिहासात दोराबजींचे तारण आणि शिंद्यांचे ६० लाख ठळकपणे नोंदले गेले. साधारण भागधारकांचे योगदान त्या मानाने मुके राहिले. त्यांची रक्कम मागे घेता येत नव्हती, म्हणूनच वाईट वर्षांत ती कारखान्याखाली पायासारखी राहिली. कर्जाने कारखान्याला वेग दिला, पण थांबण्याची सवड भागांनी दिली. सगळे भांडवल कर्जाचे असते, तर पगाराइतकीच व्याजाची तारीखही कंपनीला गाठावी लागली असती, आणि ती गाठणे कदाचित जमले नसते.

१६/ कोणत्याही कंपनीचा ताळेबंद वाचताना म्हणूनच एक प्रश्न आधी विचारावा : यातला किती पैसा वाट पाहू शकतो, आणि किती नाही? १८६५ च्या मुंबईने तो विचारला नाही. १९०७ मध्ये रांगेत उभे राहिलेल्या ८ हजार जणांनी त्याचे अर्धे उत्तर आपल्या पुंजीने दिले होते.