खानावळीचा हिशेब

हॉटेलातल्या ताटाचे पैसे आपण मुकाट्यानं देतो. घरच्या बाईच्या हातच्या ताटाचं मोल मात्र कोणी धरत नाही. हे मोल मागणाऱ्या बायांची गोष्ट आज ऐका.

मुंबईच्या गिरण्यांत हजारो कामगार कुटुंब गावी ठेवून राहत. चाळीतल्या खानावळवाल्या बाया त्यांना दोन वेळा जेवू घालत. पैसे मिळत पगार झाल्यावर. तोवर किराणा उधार, नाहीतर सावकाराचं व्याज.

१९६९ साली १४ मोठ्या बँका सरकारी झाल्या. गोवा मुक्तिलढ्यात लढलेल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

मागे आमच्या गटानं झुणका-भाकरीची ऑर्डर घेतली. ज्वारी, बेसन, तेल, सरपण सगळं मांडलं. पहाटे तीनपासून राबलेल्या आठजणींची मजुरी मांडायचीच राहिली! उरलं ते वाटून घेतलं, तर रोजंदारीही पडली नाही.

म्हणून सांगते, पुढच्या बैठकीत वहीत एक रकाना वाढवा : आपली मजुरी. भाव त्यानंतरच सांगा.